ज्याची खूण, त्याचा तडा

मंगळवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. भांडी आळीतले एक नवे दुकान, शटर अर्धे वर. आत आदल्या दिवशी ओतून संध्याकाळपर्यंत थापीने सपाट केलेली काँक्रीटची जमीन. आणि त्या कोवळ्या जमिनीवर उकिडवा बसून तिला कटरने कापत असलेला एक सत्तरी ओलांडलेला मनुष्य.

कालिंदीने हे शटरखालून वाकून आत शिरताना पाहिले आणि जमिनीवर अंथरायला आणलेली काखेतली ओली बारदाने जागीच टाकून दिली.

जमीन कापणारा मनुष्य चोर नव्हता, वेडाही नव्हता. तो तिचा गुरू होता. यल्लाप्पा मिस्त्री. आधी शहाबादी, मग मोझॅक आणि गेली पंधरा वर्षे घोटीव काँक्रीट, अशा चाळीस वर्षांच्या जमिनी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. घोटीव काँक्रीट म्हणजे वर लादी नाही, फरशी नाही, रंग नाही. जमीन ओतायची, महिनाभर पक्की होऊ द्यायची आणि मग मशीनला एकाहून एक बारीक दगड लावून ती आरशासारखी होईपर्यंत घासायची. जे आहे तेच उजळायचे. झाकायला काही नसते, म्हणून या कामात लबाडी फार दिवस टिकत नाही. ज्यांना लबाडी टिकवायची असते ते वर लादी बसवून घेतात.

कालिंदी त्याची शिष्या. वय एकतीस, स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, आणि दीड वर्षापूर्वीपर्यंत एका ठेकेदाराच्या कार्यालयात नकाशे काढण्याची नोकरी. ती सोडून ती या म्हाताऱ्याकडे थापी धरायला आली, तेव्हा तिच्या मावशीने विचारले होते, "शिकून काय मिळवलंस, तर जमिनीवर बसायचं?" कालिंदी म्हणाली होती, "खुर्चीवर बसून बघितलं, मावशी. तिथं जमीन दिसत नाही."

ती नोकरी का सोडली हे तिने पहिल्याच दिवशी यल्लाप्पाला सांगितले होते. त्याने ते ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि एवढेच म्हणाला, "बघू." ते पुढे येईलच.

आता मंगळवारची सकाळ.

"आप्पा, बंद करा ते," कालिंदी ओरडली. कटरच्या आवाजात यल्लाप्पाला ऐकू गेले नाही, किंवा गेले असेल. तेव्हा तिने भिंतीकडे जाऊन प्लगच ओढला. आवाज थांबला. मागच्या निम्म्या दुकानात दोरी धरून सरळ मारलेल्या तीन रेघा दिसत होत्या, इंचभर खोल, धुळीने भरलेल्या. पुढचे निम्मे दुकान, शटरपासून मधल्या खांबापर्यंत, अजून सलग होते. तिथेही गेरूच्या दोरीचे लाल ठसे उठलेले होते, म्हणजे पाते तिकडेच निघाले होते.

"काय केलंत हे?"

"दर जमिनीला करतो तेच. दुसऱ्या दिवशीची पहाट झाली की रेघ. उशीर झाला की तडा आधी पोचतो."

"पण या जमिनीला रेघ मारायची नव्हती."

यल्लाप्पाने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला. "असं कोण म्हणतं?"

"शेठ म्हणतात. आणि मी त्यांना हो म्हटलंय."

शेठ म्हणजे नेमिनाथशेठ, दुकानाचा मालक. तीन पिढ्या पितळेची आणि तांब्याची भांडी विकणारे हे घर. आता स्टीलही ठेवू लागले होते, आणि त्याबद्दल शेठना थोडी लाज आणि पुष्कळ गिऱ्हाईक होते. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा दालनात त्यांनी अशी जमीन पाहिली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध, तळ्याच्या पाण्यासारखी. तिचा फोटो त्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवला होता आणि गावात जो भेटेल त्याला ते तो दाखवत. "अशीच पाहिजे," त्यांनी कालिंदीला सांगितले होते. "एक रेघ दिसता कामा नये. रेघा असल्या की शाळेची वही वाटते बघा." त्या शब्दाने कालिंदी क्षणभर दचकली होती. पण समोर पहिली जमीन होती, स्वतःच्या नावाची. ती हो म्हणाली.

स्वतःच्या नावाची, हे शब्दशः खरे. यल्लाप्पाच्या घराण्यात एक रीत होती. जमीन ओतताना उंबऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात मिस्त्रीने आपली खूण ओल्यात दाबायची. यल्लाप्पाची खूण म्हणजे निळ्या चिनी कपाचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा. महिन्याभराने जमीन घासताना ती हळूहळू वर येते आणि जमिनीबरोबरच चकाकू लागते. गावात अशा शंभरेक निळ्या ठिपक्यांवरून लोक रोज चपला काढून आत जातात. रीत पुढे असे सांगते, की ज्याची खूण त्याचा शब्द. खूण दाबली, की त्या जमिनीवर मालकाचे, गुरूचे, बापाचे कोणाचेही चालत नाही. आणि जमीन नासली, तर ज्याची खूण त्याने स्वतःच्या हाताने छिन्नी घेऊन ती उपटायची. उपटलेल्या जागी खड्डा भरला तरी डाग राहतो, आणि डाग पडलेल्या मिस्त्रीला त्या पेठेत दुसरे काम मिळत नाही.

सोमवारी खूण दाबायची वेळ आली तेव्हा यल्लाप्पाने खिसे चाचपले आणि म्हणाला, "माझा तुकडा घरी राहिला बघ." इतका वाईट अभिनय कालिंदीने आयुष्यात पाहिला नव्हता. सिमेंटची पोती उचलताना फुटलेली तिची हिरवी काचेची बांगडी तिथेच पडली होती. त्यातला एक तुकडा तिने दाबला. घाईत तो किंचित तिरका बसला.

म्हणून आता प्रश्न साधा होता. जमीन तिची, खूण तिची. पुढच्या निम्म्या दुकानाचे काय करायचे, हे तिने सांगायचे.

इतक्यात शेठच आले. सकाळची पूजा आटोपून, कपाळाला केशर लावून, रोज बघायला येत तसे. त्यांनी मागच्या तीन रेघा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पातेल्याला पोचा पडावा तसा झाला.

"यल्लाप्पा, माझ्याशी काय वैर आहे का तुझं?"

"न्हाई शेठ."

"मग दुकान नांगरायला घेतलंस?"

"रेघ मारू द्या शेठ. आपण न्हाई मारली तर ती स्वतः मारून घेती. आणि तिला दोरी लावता येत न्हाई."

शेठ कालिंदीकडे वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही सांगा. मागच्या बाजूला गोदामाची मांडणी येईल, रेघा झाकतील. पण पुढं? गिऱ्हाईक आत आलं की पहिली नजर तिथं. पुढं तरी सोडा ना. उद्घाटनाच्या पत्रिका छापायला दिल्यात मी."

कालिंदीला उत्तर माहीत होते. काँक्रीट वाळताना आकसते, आकसताना ताण येतो, ताण कमकुवत जागा शोधतो; रेघ म्हणजे त्याला मुद्दाम दिलेली तशी जागा. पुस्तकात हे पहिल्याच वर्षी येते. पण तिला हेही माहीत होते, की सिमेंट चांगले आहे, पाणी बेताचे घातले आहे, बारदाने दिवसातून चार वेळा भिजवली तर कदाचित निभेल. 'कदाचित' हा शब्द माणसाला हवा तितका मोठा करता येतो. तिने हिरव्या तुकड्याच्या कोपऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "पुढे रेघ नको, आप्पा."

यल्लाप्पाने तिच्याकडे एकदा पाहिले. मग उठून कटरची वायर गुंडाळायला लागला.

"जशी आज्ञा, मिस्त्री," तो म्हणाला. "तुमची जमीन. तुम्ही म्हणाल तसं."

दीड वर्षात तो तिला 'पोरी' म्हणे, 'ए शिकलेली' म्हणे, काम चुकले की 'डिप्लोमा' म्हणून हाक मारी. 'तुम्ही' त्याने कधीच म्हटले नव्हते. शेठना तो आदर वाटला. कालिंदीला तो शब्द दिवसभर दातात अडकलेल्या सुपारीच्या कणासारखा सलत राहिला. तिला वाटले, हा भांडेल. चाळीस वर्षांचा अनुभव सांगेल, जुन्या जमिनींची नावे घेईल, निदान रुसेल तरी. त्याने यातले काहीही केले नाही. उलट शेठनी मागवलेला चहा दोन कप प्यायला, बारदाने भिजवू लागला आणि कामभर तिला अहो-जाहो करत राहिला. "मिस्त्री, पाणी इकडं मारू का?" "मिस्त्री, दुपारची भाकरी खाऊन येऊ का?" याचा अर्थ तिला लागेना.

दहाव्या दिवशी बारदाने उचलली.

मागचे निम्मे दुकान आधी मोकळे केले. तीन रेघा जशाच्या तशा. नीट वाकून पाहिले तर रेघेच्या तळाशी केसाएवढी चीर, रेघेतल्या रेघेत उतरलेली, बाहेर कुठेही नाही. मग पुढची बारदाने. पहिल्या पाचसहांखाली काही नव्हते आणि कालिंदी मनातल्या मनात हसायला लागली होती. सातव्या बारदानाखाली तडा होता. शटरच्या उजव्या कोपऱ्यातून निघालेला, मग दुकानाच्या ऐन मध्याकडे वळून, ओढ्यासारखा वळणे घेत, जिथे गल्ला यायचा होता तिथपर्यंत गेलेला. हिरव्या तुकड्यापासून त्याचे उगमस्थान चार बोटांवर होते.

कालिंदी खाली बसली. मग उठली, हत्यारांच्या पोत्यातून छिन्नी आणि हातोडी काढली आणि कोपऱ्याकडे गेली.

"कुठं निघालात, मिस्त्री?"

"रीत आहे ना आप्पा. नासली की उपटायची."

"आधी शेठला बोलवा."

"खूण काढते, मग बोलावते."

"आधी शेठ," यल्लाप्पा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच धार होती.

शेठ आले. तड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. काही बोलणार तेवढ्यात कालिंदी म्हणाली, "शेठ, चूक माझी आहे. तुम्ही रेघ नको म्हणालात, ते तुमचं काम होतं. तुम्हाला नाही म्हणणं हे माझं काम होतं. मला माहीत असून मी हो म्हटलं."

शेठनी टोपी काढून डोके खाजवले.

"बाई, पंचेचाळीस वर्षं दुकानावर बसतोय. गिऱ्हाईक गळकी कळशी परत घेऊन आलं की मी म्हणतो, तुम्ही आपटली असेल. कळशी करणारा म्हणतो, पत्रा खराब आला. पत्रेवाला म्हणतो, कारखान्यात विचारा. कळशी गळतच राहती. तुम्ही काय म्हणालात ते परत एकदा म्हणा बघू."

"चूक माझी आहे."

"ऐकायला बरं वाटतं," शेठ म्हणाले. "रागवायचं कसं हेच सुचेना आता. यल्लाप्पा, याचं पुढं काय होणार ते सांग."

"तडा जात न्हाई, शेठ. बुजवू, घासू, केसाएवढा दिसेल. बाकी पुढच्या भागाला आता तरी रेघा मारू, म्हंजे याला भावंडं व्हायची न्हाईत. आन् सगळ्या रेघांत पितळी पट्टी बसवू. तुमच्याच दुकानाची."

पितळ म्हटल्यावर शेठचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "जमिनीत पितळ? स्टीलवाल्यांच्या पायाखाली आमचं पितळ?" ते तिथल्या तिथे हिशेब विसरून पट्टीची जाडी कशी घ्यावी यावर बोलू लागले आणि बोलत बोलतच पट्ट्या आणायला निघून गेले.

ते गेल्यावर कालिंदीने पुन्हा छिन्नी उचलली. यल्लाप्पाने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि जमिनीवर बैठक मारली.

"बस पोरी."

पोरी. ती बसली.

"आता विचार, काय विचारायचं ते."

"तुम्हाला माहीत होतं तडा जाणार."

"तुलापण माहीत होतं."

"मग भांडला का नाहीत? तुम्ही अडून बसला असतात तर मी ऐकलं असतं."

"माझं ऐकलं असतंस," यल्लाप्पा म्हणाला. "जमिनीचं न्हाई. म्हणून गप बसलो. आन् दुसरं. आमच्याकडं आलीस त्या दिवशी काय सांगितलेलंस, आठवतं का?"

तिला आठवत होते. ठेकेदाराच्या कार्यालयात तिने नगरपालिकेच्या नव्या सभागृहाच्या जमिनीचा नकाशा काढला होता. घोटीव काँक्रीटचीच जमीन, चौदा रेघांची, प्रत्येक रेघेचे माप लिहिलेले. नकाशा मंजूर झाला, शिक्का बसला. जमीन ओतल्यावर ती पाहायला गेली तर एकही रेघ नव्हती. तिने ठेकेदाराला विचारले. तो म्हणाला, अभियंत्यांनी सांगितले. अभियंते म्हणाले, वास्तुरचनाकारांना सलग हवी होती. वास्तुरचनाकार म्हणाले, वरून सूचना होती, चौकटी-चौकटी शाळेच्या वहीसारख्या दिसतात म्हणून. वर कोण, हे कोणी सांगेना. तिने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तिला समजावण्यात आले की ती नकाशे काढण्यासाठी आहे. त्याच संध्याकाळी तिने राजीनामा दिला होता आणि आल्या आल्या यल्लाप्पाला म्हणाली होती, "मी असते तर मारल्याच असत्या रेघा."

"दुसऱ्याच्या जमिनीवर रेघ मारायची हिंमत सगळ्यांकडं असती," यल्लाप्पा म्हणाला. "स्वतःची खूण दाबली, की हात आखडतो. तोच शब्द शेठनी वापरला, वही म्हणून, आन् तू हो म्हणालीस. त्यात लाजायचं काय न्हाई. पण आता तुला कळलं, तिकडं त्या कार्यालयात बसलेली माणसं राक्षस नव्हती. भित्री होती. तुझ्यासारखी."

कालिंदीला हे आवडले नाही. खरे होते म्हणून आवडले नाही.

"म्हणून तर खूण उपटते म्हणते," ती म्हणाली. "मला तोंड दाखवायला जागा नाही."

"ऐक. रीत माझ्या आजाची आहे, मी तिला नाव ठेवत न्हाई. चाळीस वर्षांत मी दोनदा खूण उपटली. एक गिरणीत, एक दवाखान्यात. लोक म्हणाले, वा, मिस्त्री किती इमानी. खरं सांगू? पळून गेलो मी. दोन्ही जमिनी आहेत अजून. दोन्हीकडं तडे आहेत. लोक ठेचकाळतात, शिव्या देतात, पण कोणाला द्यायच्या ते त्यांना ठाऊक न्हाई. खड्डा भरला, नाव गेलं, तडा राहिला. याला इमान म्हणायचं का?" त्याने छिन्नी पोत्यात टाकली. "काँक्रीटला चीर पडायचीच. माणसालापण पडती. रेघ मारली तर ती रेघेत राहती, न्हाई मारली तर मधूनच जाती. पण पडली, तर तिला धनी पाहिजे. खूण शाबासकी घ्यायला नसती, पोरी. कोणीतरी दाराशी उभं राहून 'हे माझं' म्हणावं, म्हणून असती. तुझी खूण राहू दे. आन् घासताना तिच्यावर जरा जास्त हात फिरव. तडा बघून मान वर केली, की समोर ती दिसली पाहिजे."

कालिंदीने कटर उचलला, प्लग लावला आणि दोरीचे दुसरे टोक त्याच्याकडे फेकले. पुढच्या भागातल्या तीन रेघा तिने स्वतः मारल्या.

पुढच्या महिन्यात जमीन घासली. पन्नास नंबरच्या खरबरीत दगडापासून सुरू करून तीन हजार नंबरच्या अगदी बारीक दगडापर्यंत, पाच दिवस. चौथ्या दिवशी छताचे दिवे जमिनीत दिसू लागले, पाचव्या दिवशी शेठना स्वतःचे पोट दिसले आणि ते दोन पावले मागे सरले. सहा पितळी रेघा सकाळच्या उन्हात पेटत होत्या. तडा केसाएवढा राहिला होता, वळणे मात्र सगळी होती. उंबऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका, किंचित तिरका, सगळ्यांत जास्त चकाकत होता.

उद्घाटनाला आलेल्या शेठच्या एका विहिणीने चष्मा लावून विचारले, "शेठ, नव्या जमिनीला ही चीर कसली हो?"

शेठनी कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवले. "ती त्या बाईंची आहे. त्या तिथं लाडू वाटतायत. विचारा, सांगतील."

विहीणबाईंनी खरोखरच विचारले, आणि कालिंदीने खरोखरच सांगितले. चूक काय होती, कशी टाळता आली असती, पट्टी कशासाठी. ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्या मुलाचा बंगला चाललाय. तिथं येशील का?" कालिंदीने विचारले, "रेघा मारू द्याल?" त्या म्हणाल्या, "मार बाई. चूक कबूल करणारी मिस्त्री पुन्हा कुठं शोधू?" शेजारी उभ्या यल्लाप्पाने तिसरा लाडू उचलला आणि म्हणाला, "डिप्लोमा वाया न्हाई गेला."

गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण त्याच गावात आणखी एक जमीन आहे.

नगरपालिकेच्या सभागृहातल्या त्या जमिनीला दिवाळीनंतरच्या आठवड्यात तडा गेला. प्रवेशद्वारापासून निघून तो थेट व्यासपीठाच्या पायरीपर्यंत पोहोचला आहे. त्यावर तूर्त लाल गालिचा अंथरला आहे. दाराशी संगमरवरी कोनशिला आहे आणि तिच्यावर अकरा नावे सोन्याच्या मुलाम्यात कोरली आहेत. मंजूर नकाशा अभिलेख कक्षात सुरक्षित आहे. त्यावर कालिंदीच्या हातच्या चौदा रेघा आहेत, खाली शिक्का आहे. जमिनीत एकही रेघ नाही. त्या चौदा रेघा कोणी वगळल्या, असा लेखी प्रश्न कालिंदीने स्वतःच्या नावाने आवक खिडकीवर दिला, त्याला आज बहात्तर दिवस झाले. अकरा नावांपैकी एकाचेही उत्तर आलेले नाही.